पाट बंद ठेवून मेंदू जगवायचा कसा?



या पानावर दर अंकी मी बेणे, खत, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या अंकी विषय वेगळा आहे. तो रानाचा नाही, आपल्या अंगातल्या पाटपाण्याचा आहे. मी कृषी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण गेल्या हंगामात घरच्याच माणसावर वेळ आली. त्या निमित्ताने जे पाहिले, डॉक्टरांना विचारले आणि मागाहून वाचून ताडून घेतले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले. संपादक मंडळाने जागा दिली, त्यांचा आभारी आहे.

माझे थोरले दाजी आपल्याच कारखान्याचे सभासद. वय ५८. जानेवारीतली गोष्ट. त्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची होती. खोडव्याला पाणी पाजायला ते रात्री साडेबाराला रानात गेले. मोटर चालू केली, दारे धरले, आणि सरी फोडायला खोरे घेऊन वाकले तेवढ्यात छातीत आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कळ आली. ते नंतर सांगत, "धोतर टरकन फाडावं तसं आत काहीतरी फाटलं." कळ हळूहळू वाढत गेली नाही. पहिल्या क्षणालाच ती पुरी होती.

शेजारच्या रानातल्या गड्याने आणि पुतण्याने त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून घरी आणले. तिथून गाडी करून तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला, तो बरा निघाला. पित्त असेल म्हणून एक इंजेक्शन व गोळ्या दिल्या आणि घरी न्यायला सांगितले. आक्का काही तयार होईना. "पित्तानं हा माणूस असा पांढरा पडत न्हाई," एवढेच ती म्हणत राहिली. मग दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई रात्रपाळीला होत्या. त्यांनी दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. उजव्या हाताचा आकडा आणि डाव्या हाताचा आकडा जुळेना. त्यांनी पुन्हा घेतला. मग लगेच छातीचा सीटी स्कॅन काढायला लावला. महारोहिणी आतून फाटली होती. पहाटे आम्ही अॅम्ब्युलन्समधून मोठ्या शहराच्या वाटेवर होतो.

सही घेण्याआधी सर्जनसाहेब बाहेर आले. ते म्हणाले, "रक्तवाहिनी बदलणं, शिवणं हे माझं काम आहे, ते मी करीन. पण ते करताना काही वेळ सगळ्या अंगाचं रक्त थांबवावं लागतं. तेवढ्या वेळात मेंदू सांभाळणं हे खरं अवघड. ते जागे झाल्यावर तुम्हाला ओळखावेत, यासाठी आमची सगळी धडपड असते."

आक्काने शेवटचेच वाक्य धरले. "म्हणजे जगले तरी वळखणार न्हाईत, असंबी हुतं?"

"होतं, ताई. म्हणूनच आधी सांगतो," ते म्हणाले. आक्काने सही केली.

कामावर परत आल्यावर वजनकाट्यावर, गट ऑफिसात, जो तो एकच विचारी, "साहेब, रक्तच थांबवलं तर माणूस राहतो कसा?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख.

अंगातला मुख्य पाट

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. डॉक्टर तिला अॅओर्टा म्हणतात. माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त तिच्यातून वाहते. ती आधी वर जाते, मग म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीसारखी वळते, आणि पाठीच्या कण्यापुढून खाली बेंबीपर्यंत येऊन दोन पायांसाठी दोन फाटे फोडते.

आपल्याला मतलब आहे तो वरच्या वळणाशी. या वळणावर तीन चाऱ्या फुटतात. पहिली उजवा हात आणि डोक्याची उजवी बाजू, दुसरी डोक्याची डावी बाजू, तिसरी डावा हात भिजवते. या तीन चाऱ्यांतूनच पुढे मेंदूला चार वाहिन्या जातात. दोन मानेच्या पुढून, दोन मानेच्या मणक्यांतून. मेंदूच्या तळाशी या सगळ्या एका कड्यात जोडलेल्या असतात. इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. एक चारी तुंबली तर दुसरीचे पाणी या कड्यातून फिरून येऊ शकते. मात्र हे कडे सगळ्यांचेच पुरे नसते. बऱ्याच जणांत त्याचा एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महारोहिणीच्या भिंतीला तीन पदर असतात. वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून आतला पदर कुठेतरी चिरतो. मग रक्त दोन पदरांच्या मध्ये शिरते आणि त्यांना सोलत पुढे जाते. फवारणी पंपाच्या होजचा आतला थर सुटल्यावर बाहेरून होज धड दिसतो, पण पाणी भलतीकडे जाते, तसेच हे. हृदयाजवळचा भाग असा फाटला तर ऑपरेशन तातडीने करावे लागते, कारण रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत उतरू शकते किंवा डोक्याकडच्या चारीचे तोंडच बंद होऊ शकते. ऑपरेशन झाले नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, असे वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत.

दुसरा आजार म्हणजे फुगा. टायरला फुगा येतो तशी महारोहिणी काही वर्षांत हळूहळू फुगते. दुखत नाही, खुपत नाही. हृदयाजवळच्या भागाची रुंदी साधारण साडेपाच सेंटिमीटरला पोचली की बहुधा ऑपरेशन सुचवतात.

मेंदूला साठवण नाही

मेंदूचे वजन सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या शंभरातले दोन भाग. पण अंगाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो. आणि त्याच्याजवळ साठवण अशी जवळजवळ काहीच नाही.

उसाची एक पाळी चुकली तरी ऊस तग धरतो. मुळे खोल असतात, जमिनीत ओल असते. पण ट्रेमधली एक डोळा रोपे पाहा. एका दुपारी पाणी चुकले तर संध्याकाळी माना टाकतात. मेंदूचे त्याहून वाईट. रक्त थांबले की दहा-एक सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात. रोप मेले तर आपण नांगी भरतो. मेंदूत नांग्या भरता येत नाहीत. जे मेले ते मेले. कुणाचा हात जातो, कुणाची वाचा, तर कुणाची ओळख.

मग रक्त थांबवायचेच कशाला? नेहमीच्या हृदयाच्या ऑपरेशनात महारोहिणीला चिमटा लावतात आणि चिमट्याच्या पलीकडे यंत्राने रक्त सोडतात. हृदय थांबलेले असते, पण डोक्याला रक्त चालू असते. हे हृदय-फुफ्फुस यंत्र अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या मुलीवर प्रथम यशस्वी रीतीने वापरले. पण दुरुस्ती वळणाचीच असेल तर चिमटा लावायला जागा कुठली? जिथून डोक्याच्या चाऱ्या फुटतात तीच भिंत कापून नवी बसवायची असते. शिवाय फाटक्या भिंतीला चिमटा लावला तर ती आणखी फाटते. पाटाचा दरवाजाच बदलायचा तर वरून पाणी बंद करावेच लागते. अडचण ती हीच.

पहिला उपाय : गारवा

थंडीत आपण उसाच्या पाण्याची पाळी लांबवतो. वाढ मंदावलेली असते, पिकाची मागणी कमी असते. डॉक्टरांनी हेच केले. टोरांटोचे डॉ. विल्फ्रेड बिगेलो यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५० साली दाखवले की अंग गार केले तर प्राणवायूची गरज उतरते. हिवाळाभर झोपून राहणाऱ्या प्राण्यांचाही त्यांनी अभ्यास केला. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला असे गार करून तिच्या हृदयातले छिद्र बुजवले. पुढे यंत्रातूनच रक्त गार करता येऊ लागले. १९७५ साली डॉ. रँडल ग्रिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल गारव्यात, सगळे रक्त थांबवून, महारोहिणीचे वळण बदलल्याचे चार रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा रस्ता रुळला.

किती गारव्याला किती वेळ मिळतो? न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेंदूला लागणारा प्राणवायू मोजून १९९९ साली हिशेब मांडला. तो ढोबळ मानाने असा :

३७ अंश सेल्सियसला ५ मिनिटे
३० अंशांना ९ मिनिटे
२५ अंशांना १४ मिनिटे
२० अंशांना २१ मिनिटे
१५ अंशांना ३१ मिनिटे
१० अंशांना ४५ मिनिटे

म्हणजे वेळ वाढतो, पण अमर्याद नाही. ६५६ रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की रक्त ४० मिनिटांहून जास्त थांबले की लकव्याचे प्रमाण वाढते, आणि ६५ मिनिटांपुढे मृत्यूचे.

गारव्याची किंमतही मोजावी लागते. गार करायला आणि पुन्हा तापवायला वेळ जातो. गार रक्त गोठत नाही, त्यामुळे टाक्यांतून रक्तस्राव होतो. तापवताना तर फारच जपावे लागते. घाईने तापवले आणि मेंदू ३७ अंशांच्या वर गेला, तर गारव्यात वाचवलेले तिथे गमावून बसतो. सावलीतली रोपे एकदम भर उन्हात काढून ठेवू नयेत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरा उपाय : उलटे पाणी

डोक्यातले रक्त ज्या मोठ्या नीलेतून हृदयाकडे परत येते, तिच्यातूनच गार रक्त उलटे वर चढवायचे, अशी युक्ती जपानच्या डॉ. उएदा यांनी १९९० साली मांडली. डोके गार राहते आणि वाहिन्यांत अडकलेला कचरा, हवेचे बुडबुडे मागे धुऊन निघतात, हे तिचे फायदे. पण उताराच्या उलट चढवलेले पाणी शेवटच्या वाफ्याला किती पोचणार? बरेचसे रक्त आडवाटेने निघून जाते, पेशींना मिळते थोडेच. दाबही अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर मेंदू सुजतो. काही ठिकाणी ही पद्धत आजही वापरतात, पण थोड्या वेळासाठी.

तिसरा उपाय : फक्त डोक्याची चारी चालू

मुख्य पाट बंद, पण रोपवाटिकेची तेवढी एक चारी दुसऱ्या विहिरीवरून चालू ठेवायची, असा हा उपाय. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. मायकेल डीबेकी, डॉ. डेंटन कूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या यशस्वी ऑपरेशनात मानेतल्या वाहिन्यांतून मेंदूला रक्त चालूच ठेवले होते. पण त्या काळच्या साधनांनी ते सगळ्यांना जमेना, म्हणून गारवा पुढे आला. १९८० च्या दशकात जपानचे डॉ. काझुई आणि फ्रान्सचे डॉ. बाशे यांनी गारवा आणि डोक्याचा वेगळा पुरवठा यांची सांगड घातली. आज पुष्कळ रुग्णालयांत हीच रीत आहे.

बहुतेक वेळा उजव्या काखेजवळच्या रोहिणीला नळी जोडतात. वळणावर काम सुरू करताना पहिल्या चारीच्या मुळाशी चिमटा लावतात. मग काखेतून सोडलेले रक्त खाली न जाता मानेतून डोक्याच्या उजव्या बाजूला चढते आणि त्या विलिसच्या कड्यातून डावीकडे फिरते. प्रमाण साधारण किलोला दहा मिलिलिटर. म्हणजे साठ किलोच्या माणसाला मिनिटाला सहाशे मिलिलिटर. कमी सोडले तर मेंदू उपाशी, जास्त सोडले तर सूज. पाणी कमी पडूनही रोप मरते आणि तुंबूनही मरते.

डोक्याला असे रक्त मिळत असल्याने सगळे अंग फार गार करावे लागत नाही. पूर्वी १८-२० अंशांपर्यंत नेत, आता बरेच ठिकाणी २४ ते २८ अंशांवर काम भागते. मूत्रपिंड, यकृत, पाय एवढ्या गारव्यावर तेवढा वेळ काढतात.

आता कड्याचा प्रश्न. ज्याचे कडे पुरे नाही, त्याची डावी बाजू कोरडी राहील. हे कळायचे कसे? कपाळावर दोन्ही बाजूंना दोन चकत्या चिकटवतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीच्या आत जातो आणि तिथल्या रक्तात प्राणवायू किती आहे, याचा आकडा पडद्यावर येत राहतो. डावीकडचा आकडा उतरला की समजायचे, पाणी पोचत नाही. मग दुसऱ्या चारीच्या तोंडातही नळी घालतात.

आमच्या दाजींच्या बाबतीत नेमके हेच झाले. सर्जनसाहेबांनी नंतर एका कागदाच्या पाठीवर काढून दाखवले. अंग २५ अंशांपर्यंत गार केले होते. खालच्या अंगाचे रक्त ३२ मिनिटे बंद होते, डोक्याला काखेतून चालू होते. सुरुवातीलाच डावीकडचा आकडा घसरू लागला. दुसरी नळी घातली, आकडा चढला. ती चकती नसती तर ते कुणाला कळलेच नसते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या का पाहायच्या, ते मला तेव्हा समजले. आणि आठवले ते आधीच्या रात्रीचे. त्या डॉक्टरीणबाईंनीही दोन्ही हात वेगवेगळे पाहिले म्हणूनच आजार सापडला होता.

पाणी पुन्हा सोडताना

पाट दुरुस्त करून पहिले पाणी सोडले की गाळ, काडीकचरा सगळा पुढे येतो. महारोहिणीचेही तसेच. आतल्या भिंतीवरचे चरबी-चुन्याचे तुकडे सुटतात, उघड्या वाहिनीत हवा शिरलेली असते. यांतला एखादा कण किंवा बुडबुडा डोक्याच्या चारीत गेला तर लकवा. म्हणून रक्त सोडण्याआधी रुग्णाचे डोके उताराला करतात आणि पहिले रक्त बाहेर काढून टाकतात. काम चालू असताना छातीच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून ठेवतात. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे हवेला बाजूला सारतो. चुकून त्याचा बुडबुडा आत गेलाच, तर तो रक्तात लवकर विरघळतो. साधी युक्ती, पण मोलाची.

बनवणाऱ्यालाच गरज पडली

वर ज्यांचे नाव आले त्या डॉ. डीबेकींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकवले होते. १९५० च्या दशकात त्यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणले आणि पत्नीच्या शिलाई मशिनवर महारोहिणीला जोडायची नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या टेरिकॉटमधलाच धागा. दाजींच्या छातीत आज त्याच जातीच्या कापडाची नळी आहे.

३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, डीबेकींच्या स्वतःच्या छातीत कळ आली. महारोहिणी फाटली असावी, हे त्यांनीच ओळखले. आधी ते ऑपरेशनला तयार नव्हते. प्रकृती ढासळल्यावर ९ फेब्रुवारी २००६ रोजी ते झाले. महिनोन् महिने रुग्णालयात काढून ते बरे झाले आणि पुन्हा कामाला लागले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरी गाठायला दोनच महिने उरले असताना, ते वारले.

जागे झाल्यावर

ऑपरेशन साडेसात तास चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी झोपेचे औषध कमी केले. "हात दाबा. पाय हलवा." आम्ही काचेतून पाहत होतो. उजवा हात दाबला. दोन्ही पाय हलले. डावा हात जरा उशिराने हलला.

तिसऱ्या दिवशी तोंडातली नळी निघाली आणि आक्काला आत सोडले. दाजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मोटर बंद केली का?"

"कवाच केली," आक्का म्हणाली, आणि रडायला लागली.

सगळेच काही गोड झाले, असे नाही. पुढचे चार-पाच दिवस संध्याकाळ झाली की ते भ्रमल्यासारखे बोलत. वॉर्डात उसाच्या बैलगाड्या शिरल्यात, त्या हाका, म्हणत. मोठ्या ऑपरेशननंतर असे होते आणि बहुतेकांचे निवळते, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि निवळलेही. डाव्या हाताची पकड गुढीपाडव्यापर्यंत कमजोर होती. माणसांची नावे अजून मधूनच निसटतात. एवढ्या उपायांनंतरही, अचानक फाटलेल्या महारोहिणीच्या ऑपरेशनात साधारण दहातल्या एकाला लकव्याचा फटका बसतो. आम्ही थोडक्यात सुटलो.

आपल्या हातात काय?

गारवा, नळ्या, चकत्या हे डॉक्टरांच्या हातात. पण ती वेळ येऊ न देणे पुष्कळसे आपल्या हातात आहे. महारोहिणी फाटलेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांना रक्तदाबाचा विकार असतो. दाजींना चार वर्षांपासून होता. दिवाळीत गोळ्या संपल्या, बरे वाटत होते, म्हणून पुन्हा आणल्याच नाहीत. मला हे माहीत होते. दर आठवड्याला त्यांच्या बांधावर जाऊन उसाची पाने तपासणारा मी, एकदाही "गोळी घेतली का?" असे विचारले नाही. याची खंत मला आहे.

म्हणून सभासदांना विनंती :

१) तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायामाणसांनीसुद्धा, वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. १४० वर किंवा ९० खाली, किंवा त्याहून जास्त, असा आकडा वारंवार आला तर डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटते ते गोळीमुळेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये.

२) दिवसाला सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतले मीठही त्यातच धरावे. विडी-तंबाखू सोडावी.

३) छातीत किंवा पाठीत कळ एकदम, पहिल्या क्षणालाच पूर्ण जोराने आली, चक्कर आली, एखादा हात-पाय लुळा पडला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना "कळ एकदम आली, फाटल्यासारखी आली" हे आवर्जून सांगावे. दोन्ही हातांचा रक्तदाब पाहण्याची विनंती करावी. हृदयाचा आलेख बरा आला म्हणून हा आजार नाही, असे होत नाही.

४) घरात कुणाची महारोहिणी फुगली किंवा फाटली असेल, किंवा कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर सख्ख्या भावा-बहिणींनी व मुलांनी हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. दाजींच्या धाकट्या भावाला काहीही त्रास नव्हता. तपासणीत त्यांची महारोहिणी ४.३ सेंटिमीटर निघाली. आता गोळ्या चालू आहेत आणि दर वर्षी माप घ्यायचे आहे.

५) रेशनकार्ड, आधारकार्ड आणि महात्मा फुले योजनेचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत. रुग्णालयात गेल्याबरोबर आरोग्यमित्राला भेटून कोणता खर्च योजनेत बसतो ते विचारावे.

६) दाजींना अकरा बाटल्या रक्त व रक्तघटक लागले. ते कुणाकुणाचे होते, आम्हाला माहीत नाही. कारखान्यावर रक्तदान शिबिर होईल तेव्हा मागे राहू नका.

प्रत्येक गट ऑफिसात रक्तदाब मोजायचे एक यंत्र ठेवावे, असा अर्ज मी प्रशासनाकडे दिला आहे. माती परीक्षणाचा नमुना घेऊन आलेल्या सभासदाने जाता जाता हातही पुढे करावा, एवढीच त्यामागची कल्पना. सभासदांनी मागणी लावून धरली तर काम लवकर होईल.

दाजी आता रानात जातात. जड काम करायचे नाही, खोरे हातात घ्यायचे नाही, म्हणून बांधावर बसून पोराला दारे कसे धरायचे ते ओरडून सांगतात. पोराचे नाव कधीकधी चुकते. गोळी मात्र सदऱ्याच्या खिशात असते आणि मी गेलो की विचारायच्या आधीच काढून दाखवतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी